चौदा किलोमीटरची हाफ मॅरेथॉन: लेक डिस्ट्रिक्टमधलं ट्रेल रनिंग

उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागात केझिक गाव आहे आणि त्याच्या बाजारपेठेत मधोमध मूट हॉल नावाची इमारत आहे. त्याच्या दाराला हात लावून सुटायचं, ४२ शिखरं पालथी घालायची आणि २४ तासांच्या आत त्याच दाराशी परत यायचं, याला बॉब ग्रॅहम राउंड म्हणतात. इथेच गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने १९३२ साली हे केलं. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, चढ ८,२०० मीटरच्या आसपास. आम्ही इथे देतोय त्या ट्रेल रनिंगच्या, म्हणजे डोंगरवाटांवर धावण्याच्या, वाटा याच डोंगरांतल्या, पण दोन-सव्वादोन तासांत हाफ मॅरेथॉन पळणाऱ्याला चार दिवसांच्या सुट्टीत झेपतील अशा. आणि हो, गावाचं नाव ‘केझिक’. बसमध्ये ‘केसविक’ म्हणालात तर ड्रायव्हर दोनदा विचारतो. लंडनच्या यूस्टनहून पेनरिथपर्यंत रेल्वेने तीनेक तास लागतात, तिथून एक्स-४ किंवा एक्स-५ बस.

धावण्याआधी जमीन समजून घ्यायला हवी. शेवटचं हिमयुग ओसरून अकरा-बारा हजार वर्षं झाली, तरी बर्फाने केलेलं कोरीवकाम जसंच्या तसं दिसतं. हिमनद्यांनी दऱ्या अशा खरवडल्यात की तळ सपाट आणि बाजू उभ्या. तळाच्या लांबट खळग्यात मोठं तळं. वर, कड्याच्या कुशीत, आरामखुर्चीच्या बैठकीसारखा खोलगट भाग आणि त्यात छोटं काळं पाणी, म्हणजे टार्न. पळणाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा: दोन-तीन किलोमीटर आरामात, मग तीन-चारशे मीटरची भिंत, टार्नपाशी जरा दम आणि मग पुन्हा कडा. सह्याद्रीत सोंडेवरून चढताना लय सापडते, तशी इथे सापडत नाही. त्यामुळे घड्याळातल्या सरासरी पेसचा (दर किलोमीटरला लागणाऱ्या वेळेचा) उपयोग शून्य.

आम्ही एक ढोबळ हिशेब वापरतो. दर १०० मीटर चढाला ८०० मीटर सपाट अंतर जास्त धरायचं. हेल्वेलिन डोंगराची फेरी १४ किलोमीटर, चढ साधारण ८५० मीटर. हिशेब केला की झाले जवळपास २१. म्हणजे ही हाफ मॅरेथॉनच, आणि तीही दगडांतून. त्यामुळे रस्त्यावरच्या वेळेत आणखी निदान पाऊण तास घाला.

पहिला दिवस डरवेंटवॉटरला द्यावा. केझिकमधून निघून तळ्याला पूर्ण वळसा घातला की सुमारे १६ किलोमीटर होतात, आणि चढ नगण्य. दक्षिण टोकाला, लोडोरच्या पुढे, पाणथळ जागेवर लाकडी फळ्यांची वाट आहे. ओल्या फळ्यांवर पावलं छोटी टाका, ब्रेक मारू नका आणि वळणावर तर मुळीच नाही. दोन दिवस जोराचा पाऊस झाला असेल तर तळ्याची पातळी वाढून फळ्या पाण्याखाली जातात, तेव्हा रस्त्याने जा. पाय बोलायला लागले तर काठावर ठिकठिकाणी लाँचचे धक्के आहेत, तिकीट काढून परत यायचं. दम शिल्लक असेल तर हॉज एंडच्या धक्क्यावरून ४५१ मीटरचं कॅटबेल्स घ्या. तळ्यापासून चढ पावणेचारशे मीटरचा. माथ्याखाली दोन ठिकाणी हात लावून चढावं लागतं. लाखो बुटांनी तिथला कातळ घासून गुळगुळीत झालाय, ओला असला की साबण. म्हणून तो भाग चढताना घ्यावा, उतरायला दक्षिणेची हॉज गेटची वाट बरी.

बटरमियर तळ्याची फेरी जेमतेम सात किलोमीटरची. हॅसनेसजवळ कातळातून खोदलेला एक बोगदा लागतो. आत अंधार, खाली पाणी, डोकं सांभाळा. संध्याकाळचे पाय मोकळे करायला उत्तम, बाकी विशेष काही नाही.

अल्सवॉटर तळ्यावर एकच युक्ती: ग्लेनरिडिंगहून बोट आधी पकडायची, हाउटाउनला उतरायचं आणि काठाकाठाने धावत परत यायचं. अंतर ११ किलोमीटर. उलटं केलंत तर शेवटचे तीन किलोमीटर बोटीच्या वेळेशी शर्यत होते, आणि नेमके तेव्हाच मुळांत पाय अडकतात.

आता हेल्वेलिन, उंची ९५० मीटर. ग्लेनरिडिंगमधून बर्कहाउस मूरच्या अंगाने दगडी भिंतीपर्यंत चढ आहे. ‘होल इन द वॉल’ म्हणतात त्या जागी भिंत ओलांडली की समोर स्ट्रायडिंग एज. दोन हिमनद्यांनी दोन बाजूंनी डोंगर खाल्ला आणि मधे उरली ती ही धार. उजव्या हाताला खाली रेड टार्न. धारेच्या माथ्यावरून जाता येतं किंवा उजवीकडून थोड्या खालच्या पायवाटेने. वारा असेल तर खालची वाट घ्या, पण ती वाट मधेमधे पुन्हा धारेवर येते, हे लक्षात ठेवा. इथे पळायचं नाही. शेवटी तीनेक मीटरची एक ‘चिमणी’, म्हणजे कातळातली उभी अरुंद खाच, उतरावी लागते. तोंड कातळाकडे करून उतरा. बहुतेक जण पाठ टेकवून घसरत येतात आणि पाठीवरची सॅक दगडाला अडकून तोल जातो. त्यानंतर घसाऱ्याचा उभा चढ, आणि मग अचानक मैदान. किती सपाट? १९२६ साली या माथ्यावर विमान उतरवलं होतं. सपाटीचा धोका असा की धुक्यात माथा कुठे संपतो ते कळत नाही, आणि हिवाळ्यात कड्याबाहेर बर्फाचे छज्जे लोंबकळत असतात. त्या दिवसांत हवामानाच्या वेदरलाइन सेवेचा माणूस रोज हा डोंगर चढून माथ्यावरचा बर्फ, वारा आणि तापमान कळवतो. ते वाचल्याशिवाय निघू नका. क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे बर्फातले खिळे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) वापरता येत नसतील तर हिवाळ्यात धार नकोच.

उतरायला स्विरल एज, छोटी पण जास्त उभी. रेड टार्नपाशी पोचलात की धोका संपला. पुढे बंद पडलेल्या ग्रीनसाइड शिशाच्या खाणीवरून गावापर्यंत गाडीवाट आहे, तिथे मात्र मनसोक्त सुटा.

बुटांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि सगळ्यात जास्त चुकतात. तळाचे दाते सहा मिलिमीटर किंवा जास्त हवेत. वॉटरप्रूफ बूट नकोत. इथल्या दलदलीत पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचा बूट दहा पावलांत पाणी टाकून देतो. दलदल ओळखायची रंगावरून. पिवळट, वाळक्या गवतावर पाय ठरतो. लव्हाळ्याचे झुबके असतील तर नेमका बुंध्यावर पाय टाका. पांढरी कापसासारखी बोंडं डुलताना दिसली की खाली ओली पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, आहे. आणि पोपटी, मखमली, बघून हात फिरवावासा वाटेल असं शेवाळ दिसलं तर वळसा घाला. तिथे गुडघ्यापर्यंत जाता आणि बूट आत राहतो. जुलै ते सप्टेंबर ब्रॅकन नावाचं नेचं छातीएवढं वाढून मेंढ्यांच्या वाटा गिळतं. त्यात गोचीड असतात. संध्याकाळी गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली तपासा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. लाइम रोग गोचिडाच्या चाव्यातूनच होतो.

सॅकमध्ये टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, हातमोजे, कागदी नकाशा, होकायंत्र, शिट्टी, जास्तीचं खाणं, आणि कोरड्या पिशवीत एक जाड थर. हा थर धावताना घालायचा नाही. घोटा मुरगळून थांबावं लागलं तर घामाने भिजलेलं अंग दहा मिनिटांत कुडकुडायला लागतं, तेव्हासाठी तो असतो. मदत हवी तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. शिट्टीचा इशारा: मिनिटात सहा, मग एक मिनिट शांत.

शेवटचा दिवस स्काफेल पाइक, ९७८ मीटर, इंग्लंडचा माथा. सीथवेटहून सुरुवात. या वस्तीवर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून कितीतरी जास्त पडतो हे खरं, पण तो चार महिन्यांत उरकतो. इथे बारा महिने. स्टॉकली ब्रिज, स्टायहेड टार्न, मग स्टायहेड खिंडीतली, जखमींसाठी ठेवलेली स्ट्रेचरची पेटी. इथे वाटा फुटतात, नकाशा काढा. कॉरिडॉर रूट पियर्स गिल नावाच्या खोल घळीच्या डोक्यावरून जातो. धुक्यात उतरताना ही घळ चांगली वाट वाटते. ती वाट नाही. थोडं खाली गेलं की कडे लागतात, पुढे जाता येत नाही आणि ओल्या कातळावरून वर येणंही अवघड.

माथ्यावर टेबलाएवढे दगड पसरलेत आणि रचलेल्या दगडांच्या खुणा चहूकडे, त्यांवर विसंबू नका. होकायंत्र लावा. एस्क हॉज खिंडीमार्गे ग्रेन्स गिल घळीच्या वाटेने सीथवेटला परत जायचं तर आधी ईशान्येला उतरायचं. वायव्येला गेलात तर लिंगमेल खिंड लागते, आणि तिथून मळलेली वाट सरळ पलीकडच्या वॉस्डेल दरीत घेऊन जाते. ही चूक दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी करतंच. वॉस्डेल हेड ते सीथवेट सरळ रेषेत सहा किलोमीटर, पण गाडीरस्ता सगळ्या डोंगरांना वळसा घालून येतो, तासाच्या बराच वर लागतो आणि टॅक्सीचं भाडं रडवतं. हातात दोन-अडीच तासांचा उजेड असेल तर बाटली भरून घ्या आणि स्टायहेड खिंड पुन्हा चढा: ४०० मीटर, पलीकडे सीथवेट.