तुम्ही विचारलंत म्हणून: नवं मिळत असताना जुनंच नाव का रंगवायचं?

"काकू, असलं नवीन मिळतं की बाजारात! मग हेच घासत का बसता?" जुन्या पद्मिनी गाडीच्या डिकीवरचं धातूचं नाव, म्हणजे एम्ब्लेम, उतरवून माझ्या टेबलावर आलेलं दिसलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुतेक तरुण असतात. कुणी आजोबांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणू पाहत असतो, कुणी हौसेनं विकत घेतलेली असते. जाता-येता त्यांना अर्धंच उत्तर मिळतं, म्हणून आज सगळं सांगते.

माझा व्यवसाय दातांचा. ठाण्यात नौपाड्यातल्या लॅबमध्ये मी कॅप आणि ब्रिज बनवते. आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात की ओतलेला धातू थंड होताना आकसतो. सोन्याचे मिश्रधातू साधारण दीड टक्का आकसतात, म्हणून साच्याचं मटेरियलच तेवढं फुगणारं निवडायचं, नाहीतर कॅप दातावर बसत नाही. जुन्या एम्ब्लेमवरूनच साचा काढून जी नक्कल ओतलेली असते, तिच्यात हा हिशेब धरलेला नसतो. वीस सेंटिमीटर लांबीच्या नावात एक टक्का म्हणजे दोन मिलिमीटर. मागच्या पिना डिकीच्या मूळ भोकांत उतरत नाहीत आणि गॅरेजवाला ड्रिल मशीन उचलतो. नवं भोक, उघडा पडलेला पत्रा, त्यावर ठाण्याचा पाऊस. थोड्याच दिवसांत नावाखालून गंजाचा तांबडा ओघळ दिसायला लागतो. इतकी वर्षं टिकलेली डिकी एका स्वस्त नकलेपायी सडताना बघवत नाही.

दुसरं कारण अक्षराच्या कडेचं. मूळ नाव कुणीतरी ड्रॉइंग बोर्डवर आखलं, मग कुणीतरी ते पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, उलटं कोरलं. अक्षर कुठे जाड व्हायचं, कुठे निमुळतं होत पुढच्या अक्षरात शिरायचं, हे त्या दोन हातांनी ठरवलं. झिजलेल्या तुकड्यावरून साचा काढला की ती झीजही साच्यात येते, आणि नकलेवरून पुन्हा नक्कल केली की अक्षर साबणासारखं गुळगुळीत होतं. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये सुरू केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला, लालबहादूर शास्त्री (एलबीएस) रस्त्याला लागून. त्याच रस्त्यानं सरळ पुढे आलात की ठाणं. तिथे बनणाऱ्या फियाट 1100चंच नाव 1974 पासून पद्मिनी झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. आता उरलेत ते लोकांनी जपलेले नग. त्यांच्यावरची मूळ अक्षरं एकेक करून कचऱ्यात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता काम कसं करते ते.

उतरवताना पुढून स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. पिना जुन्या आणि ठिसूळ असतात, एक तुटली की तुमचं काम तिपटीनं वाढतं. डिकीच्या आतून क्लिपांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. कुणी आधी चिकटवून ठेवलं असेल तर मासे पकडायचा तंगूस मागून घालून करवतीसारखा ओढा, आणि आजूबाजूच्या रंगावर आधी मास्किंग टेप लावा.

मग मागची बाजू नखाएवढी खरवडून बघा. पिवळं दिसलं तर पितळ, मळकट करडं दिसलं तर जस्ताचा मिश्रधातू. त्या काळातल्या गाड्यांवर बहुतेक जस्तच सापडतं, आणि घराघरांत चूक होते ती इथेच. आपल्याकडे धातू चमकवायचा म्हणजे चिंच किंवा लिंबू. देवघरातल्या समईला ते चालतं, पण जस्ताला आम्ल खातं. क्रोमला पडलेल्या बारीक छिद्रांतून चिंचेचं पाणी आत शिरतं आणि खालचं जस्त कुरतडतं. वरून लखलखीत दिसतं आणि महिन्याभरात फोड येतात. साबणाचं कोमट पाणी, मऊ टूथब्रश आणि कोपऱ्यांसाठी लाकडी टूथपिक एवढंच पुरतं. पितळेची भांडी घासायचं पॉलिशही नको. शोभेच्या क्रोमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. आपल्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन धरली तर अंदाज येईल. डोळ्यांना जी चमक भरते ती बरीचशी खालच्या निकेलची असते. जास्त घासलं की क्रोम जातं आणि पिवळसर निकेल उघडं पडतं.

खड्डे खोल असतील तर पुन्हा प्लेटिंग, म्हणजे धातूचा नवा थर चढवणं, लागतंच. ते घरी अजिबात करू नका. क्रोमच्या टाकीत जे क्रोमियम असतं त्यानं कर्करोग होतो, आणि ते पाणी मोरीत सोडायचं नसतं. प्लेटिंगवाल्याला मात्र पहिल्याच वाक्यात सांगायचं की हे जस्त आहे. लोखंड समजून त्यानं तीव्र आम्लात बुडवलं तर अक्षरं विरघळून हातात काही राहत नाही. बारीक खड्डे मी दाताच्या बरनं (दात कोरायच्या ड्रिलच्या बारीक टोकानं) कोरून स्वच्छ करून देते. त्यावर तांब्याचा थर चढतो, कमी तापमानाला वितळणाऱ्या डागानं (सोल्डरनं) खड्डा भरतात, घासून सपाट करतात, मग पुन्हा तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम. खर्च होतो आणि वेळही लागतो. म्हणून खड्डे दोन-चारच असतील तर मी प्लेटिंगला हात लावत नाही, फक्त रंग भरते. पन्नाशीच्या गाडीवर दोन खड्डे शोभतात. आरशासारखं नाव आणि फिकट पडलेली डिकी मात्र एकमेकांना खातात.

रंग हा माझा आवडता भाग. कुठली छटा होती हे फोटोवरून ठरवू नका. मूळ रंग ऊन न लागलेल्या जागी टिकून असतो, अक्षराच्या आतल्या कोपऱ्यात किंवा कडेच्या सावलीत. लाल सगळ्यात आधी उडतो, काळा राखाडी होतो. तो ठिपका ओला करून दिवसाच्या उजेडात बघायचा आणि डबा घेऊन रंगाच्या दुकानात छटा जुळवून घ्यायची. ट्यूबलाइटखाली जुळवलेला लाल दुसऱ्या दिवशी उन्हात वेगळाच निघतो.

एम्ब्लेम आधी दाताच्या मेणावर अगदी समपातळीत बसवते. खळग्याच्या तळाला टोकदार घडी घातलेल्या पॉलिश पेपरनं हलकेच ओरखडे काढते, कारण गुळगुळीत क्रोमला रंग धरत नाही. सिंथेटिक इनॅमल थोडं पातळ करून तीन शून्याच्या (अगदी बारीक) ब्रशनं मध्यभागी थेंब सोडायचा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. ब्रशनं ढकलायला गेलात की रेघा उमटतात. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत, मध्ये एकेक दिवस सोडून. अक्षरांच्या उंच भागावर सांडलेला रंग अर्धवट वाळला की कापडात गुंडाळलेल्या ताठ पुठ्ठ्याला थोडं टर्पेंटाइन लावून वरवर फिरवायचं. पुठ्ठा ताठ असल्यामुळे खळग्यात उतरत नाही, फक्त माथे साफ होतात. तो क्षण मला फार आवडतो. करड्या लगद्यातून अक्षरं एकाएकी वर येतात.

नेलपॉलिश चालेल का, असंही विचारतात. नको. त्यातलं द्रावण उडालं की भरलेला रंग बसतो आणि मधोमध खळगा पडतो. काही परदेशी जुन्या गाड्यांवर भाजलेलं काचेचं मीनाकाम असतं. ते आठशे अंशांच्या आसपास भाजतात आणि जस्त त्याच्या निम्म्या तापमानालाच वितळतं, म्हणून ते तांब्या-पितळेवरच सापडतं. त्याचा टवका उडाला असेल तर जाणकाराकडेच द्या.

जून ते सप्टेंबर हे काम बंद. खाडीवरची दमट हवा रंगात अडकते, पृष्ठभागावर पांढरट धुकं येतं. त्या दिवसांत मी फक्त सफाई करते, रंग दिवाळीच्या सुमारास.

परत बसवताना मूळ भोकांच्या कडा साफ करून प्रायमर आणि रंगाचा हात द्या, तो पूर्ण वाळू द्या. पिनेभोवती थोडं मेण, मागून नवी क्लिप, आणि नाव पत्र्याला घट्ट आवळायचं नाही. क्लिपनं पकड घेतली की थांबा. पहिल्या पावसानंतर डिकी उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. कोरडं लागलं तर काम झालं. ओलं लागलं तर नाव पुन्हा उतरवा, भोक सुकवा आणि मेण जास्त लावा.