ओट्यावरची सावली

श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी कोथरूडमधल्या एका काकूंचा फोन आला. "अगं, स्वयंपाकघर सुरेखच केलं आहेस, पण एकदा येऊन बघून जा. मला त्यात काही दिसत नाही," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. गृहसजावटीच्या व्यवसायात मला सोळा वर्षे झाली आहेत, त्यामुळे ट्रॉली अडकते, चिमणी घरघरते, सिंकखाली पाणी झिरपते, या तक्रारी मला पाठ आहेत. परंतु सहा कोरे दिवे लावलेल्या स्वयंपाकघरात दिसत नाही, ही तक्रार मी प्रथमच ऐकत होते, आणि ते सहा दिवे कुठे लावायचे हे माझ्याच नकाशाने ठरवले होते.

मी पोहोचले तेव्हा काकू कांदा चिरत होत्या. मिक्सरशेजारी त्यांनी नातवाचा अभ्यासाचा टेबललॅम्प ठेवला होता आणि त्याची वायर सिंकच्या ओल्या कडेवरून पलीकडच्या प्लगपर्यंत ताणलेली होती. मी आधी तो प्लग काढला. त्याबरोबर ओट्यावर काकूंच्याच डोक्याची आणि खांद्यांची ठळक सावली पडली, आणि त्या सावलीत विळी, कांदा आणि त्यांची बोटे एकदमच अंधुक झाली.

चूक कळायला त्यानंतर काही लागले नाही. खोली आठ बाय दहा फुटांची. पीओपीच्या छतात मी सात-सात वॅटचे सहा दिवे दोन ओळींत, अगदी समान अंतरावर, बसवून घेतले होते. कागदावर ती रचना देखणी दिसत होती आणि रिकाम्या खोलीत तर फारच देखणी. परंतु ओटा दोन फूट खोल असतो, त्यापुढे माणूस उभा राहतो, आणि माझी ओट्याकडची ओळ नेमकी त्या माणसाच्या डोक्यामागे आली होती. शिवाय ओट्यावर एक फूट खोलीची कपाटे लावल्यामुळे भिंतीलगतचा भाग त्यांच्याही सावलीत गेला होता. पिशवीतले लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी किती प्रकाश पडतो ते लक्स या एककात मोजणारे यंत्र, काढून मी मोजले. खोलीच्या मध्यभागी, ओट्याच्या उंचीवर, 240 लक्स. ओट्यावर, समोर कोणी नसताना, 170. आणि काकू नेहमीसारख्या उभ्या राहिल्यावर जेमतेम 60. चिरण्या-निवडण्याच्या जागी मी 300 ते 500 लक्स धरते. दिवे बसवले त्या दिवशी हेच मीटर माझ्या पिशवीत होते. ओट्यापुढे कोणाला तरी उभे करून मोजावे, हे मात्र मला सुचले नव्हते.

"आमची जुनी ट्यूबच बरी होती," काकू म्हणाल्या, आणि त्यांचे खरे होते. ती चार फुटी ट्यूब ओट्यासमोरच्या भिंतीवर होती, म्हणजे प्रकाश समोरून येत असे आणि सावली पाठीमागे जमिनीवर पडत असे. तिथे कपाटे यायची होती आणि ती दिसायलाही जुनाट होती, म्हणून मी ती काढायला लावली होती. त्यात भर म्हणजे शेजारच्या सोसायटीच्या पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतीने खिडकीतला उजेडही अडवला होता. काकूंचे वय सत्तरीच्या आसपास. वाढत्या वयात बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर पडते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. मला त्या खोलीत पुरेसे दिसत होते, म्हणून काकूंनाही दिसत असेल असे मी गृहीत धरले होते.

दुपारी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेले. कपाटाच्या तळाला एलईडी पट्टी लावायची, हे ठरलेच होते; प्रश्न कोणत्या पट्टीचा, हा होता. दुकानदार 6500 केल्विनची निळसर पांढरी पट्टी पुढे करत होता आणि "मॅडम, सगळे हीच नेतात" असे सांगत होता. मी चार पट्ट्यांचे हातभर नमुने घेतले: एक 6500 केल्विनची, एक 2700 ची आणि दोन 4000 च्या. केल्विनचा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर. शेवटच्या दोन दिसायला सारख्याच होत्या, मात्र एकीचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, 80 होता आणि दुसरीचा 90 च्या वर. ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज पट्टीला चालेल अशी करून देणारा डबा, घेताना प्रत्येकाला पट्टी जोडून तिच्यासमोर मोबाइलचा कॅमेरा धरून पाहिले. एकाच्या प्रकाशात पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले, तो तिथेच परत केला. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने स्वस्त ड्रायव्हर सेकंदाला शंभर वेळा दिवा लुकलुकवतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण तास-दीड तास पोळ्या लाटणाऱ्या बाईचे डोके दुखू शकते.

संध्याकाळी छतातले दिवे बंद करून आम्ही ओट्यावर एक ताट मांडले. त्यात तिखट, हळद, मूठभर तांदूळ, कोथिंबीर आणि काकूंनी मुद्दाम अर्धवट परतलेला कांदा होता. निळसर पट्टीखाली तिखट विटकरीसारखे दिसले आणि कांदा राखाडी. पिवळ्या पट्टीखाली कांदा मोहक दिसला, पण हळद आणि बेसन ओळखू येईना आणि तांदूळ जुने वाटू लागले. मग दोन्ही 4000 च्या पट्ट्या आलटून पालटून लावल्या. काकूंना केल्विन किंवा सीआरआय यांतले काहीच मी सांगितले नव्हते. पहिलीखाली त्या म्हणाल्या, "कांदा अजून कच्चा आहे." दुसरीखाली त्याच ताटाकडे पाहून म्हणाल्या, "अगं, हा झालाय की! उतरवायला हवा." स्वस्त एलईडीच्या प्रकाशात लाल रंगाचा अंश कमी असतो, हे मी वाचले होते आणि ग्राहकांना सांगतही आले होते, पण महिनाभर या घरात कांदा का करपत होता, हे मला त्या क्षणी उमगले. छतातले माझे सहाही दिवे 80 सीआरआयचेच होते.

पट्टी 24 व्होल्टची घेतली, कारण 12 व्होल्टची पट्टी लांब झाली की दुसऱ्या टोकाला मंद पडते. आठ फुटांना सुमारे 24 वॅट लागत होते. ड्रायव्हर 40 वॅटचा घेऊन तो कपाटाच्या माथ्यावर, वाफेपासून दूर आणि हवेशीर जागी ठेवला. ग्रॅनाइट काळा आणि चकचकीत असल्यामुळे उघड्या पट्टीचे ठिपके त्यात मोत्यांच्या माळेसारखे उमटत होते, म्हणून ती दुधी झाकणाच्या अॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये घातली. वायरमन ती भिंतीलगत लावायला निघाला होता. मी ती कपाटाच्या पुढच्या कडेला, छोट्या लाकडी पट्टीच्या आड घ्यायला सांगितली. नाहीतर टाइल्स उजळल्या असत्या आणि विळी होती तशीच सावलीत राहिली असती. शेगडीवर कपाट नव्हते, तिथे चिमणीतलेच दोन दिवे बदलले.

छतातले दिवे चालण्या-वावरण्यापुरते वेगळ्या बटणावर ठेवले. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यावरचा तेवढा 2700 चा करून घेतला, कारण पांढऱ्या प्रकाशात समई लावली की नाही तेच कळत नाही, ही काकूंची दुसरी तक्रार होती आणि ती त्यांनी भीड वाटून फोनवर सांगितली नव्हती.

काम संपायला रात्रीचे साडेआठ वाजले. काकूंना ओट्यापुढे उभे करून मी पुन्हा मोजले. मीटरने 480 दाखवले. मी आकडा मोठ्याने वाचला, पण काकूंचे तिकडे लक्ष नव्हते. चष्मा नाकावर सरकवून त्या सिंकमागच्या टाइल्सकडे निरखून पाहत होत्या.

"ही सांध इथे अशी वाकडी कधीपासून आहे गं?" त्यांनी विचारले.

ती पहिल्या दिवसापासूनच तशी होती. मी फरशीवाल्याला फोन लावला.