अर्धी पट्टी खाली

जुने रेकॉर्ड प्लेअर वाजून वाजून कमी बिघडतात, पडून राहूनच जास्त. आणि नागपुरात पडून राहायचं म्हणजे माळ्यावर, टिनाच्या छताखाली, तेही मे महिन्यात. पारा ४५ च्या पुढं गेला की खाली माणसं कूलरसमोर पसरतात. माळ्यावर काय चाललंय याची चौकशी कोण करतो? तिथं ग्रीस गोठत असतं, रबर टणक होत असतं आणि भिंतीला तिरप्या टेकवलेल्या लाँगप्लेंचे सावकाश पापड होत असतात.

सगळ्यात नाजूक जीव सुईच्या मागच्या कार्ट्रिजचा. पूर्वीच्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असायचा. हे खरोखरचं मीठ, टार्टारिक आम्लापासून केलेलं. सुई थरथरली की स्फटिकावर ताण पडतो, त्यातून जराशी वीज निघते आणि तीच पुढं ॲम्प्लिफायरकडे जाते. फक्त या स्फटिकाला दोन गोष्टी सोसत नाहीत: दमट हवा आणि ५५ अंशांच्या आसपासची उष्णता. वर माळा, खाली कूलरची ओली झुळूक. नागपूरकरानं तो ठेवावा तरी कुठं? पुढं सिरॅमिकचे कार्ट्रिज आले आणि ही पंचाईत बरीचशी मिटली. आजोबांच्या रेडिओग्रामात, म्हणजे एकाच लाकडी पेटीतल्या रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरमध्ये, सिरॅमिकच निघाला, नाहीतर पुढचं काही लिहायची वेळच आली नसती.

रेडिओग्रामातलं डेक गॅरार्डचं, इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातलं. वेग चार: मिनिटाला १६, ३३, ४५ आणि ७८ फेऱ्या. मोटरच्या शाफ्टवर पायऱ्यापायऱ्यांची एक छोटी पितळी पुली, तिला टेकलेलं रबराच्या कडेचं एक चाक आणि ते चाक आतून घासून फिरवतं ती थाळी. बस्स, इतकंच. बेल्ट नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. या मधल्या चाकाला आयडलर म्हणतात. नावावर जाऊ नका, सगळी हमाली तोच करतो.

रेकॉर्ड प्लेअरवाला मिस्त्री मला काही सापडला नाही. पण मोटर बिघडली म्हणून नागपुरात कोणी घाबरत नाही. कूलर आणि पाण्याचे पंप यांच्या कृपेनं इथं गल्लोगल्ली वाइंडिंगवाले आहेत. आमच्या वस्तीतल्याकडे पावसाळ्यात गेलो. त्याच्या दुकानात तेव्हा उन्हाळ्याच्या जळक्या मोटरींचा ढीग उरकत आलेला असतो.

"हे काय आणलं जी?"

"रेकॉर्ड प्लेअरची मोटर."

त्यानं शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला, कानाजवळ नेऊन फिरवला. "जळली नाही हे. बुश सुकले तिचे." आणि वर म्हणाला, "होळीनंतर आणली असती तं हातच नसता लावला."

बुश म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या. असले बुश ब्राँझची भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेले असतात. अंगभर बारीक छिद्रं, त्यांत तेल मुरलेलं. वर्षं गेली की तेल आटतं आणि छिद्रं कोरडी पडतात. त्यानं ते बुश शिलाई मशिनच्या तेलाच्या वाटीत सोडले, वाटी गरम पाण्यात ठेवली आणि आम्ही दोघं बघत बसलो. ब्राँझच्या अंगातून बुडबुड्यांची एक बारीक साखळी वर येऊ लागली. आतली हवा बाहेर, तेल आत. चहा आला, संपला, तरी बुडबुडे चालूच. "पिऊन राहिले," तो म्हणाला. मोटर त्या संध्याकाळी आवाज न करता फिरली.

आयडलरचं रबर मात्र गेलेलंच होतं. कडेला नख रुतेना, वर काचेसारखी तकाकी. बारीक सँडपेपर मारला, स्पिरिटनं पुसलं. थोडे दिवस चाललं आणि पुन्हा घसरायला लागलं. वर एके ठिकाणी खळगा. गिअर तसाच अडकवून कोणी प्लेअर बंद करून ठेवला, की पुली एकाच जागी रबरात रुतून बसते आणि मग प्रत्येक फेरीला 'धप, धप' ऐकू येतं. शेवटी छापखान्याच्या रोलरला रबर चढवणाऱ्या एका कारागिराकडून तशाच एका दुसऱ्या चाकाला नवी कड बसवून घेतली, आणि लेथवर गोल करवून आणली. जाडी जुन्याइतकी तंतोतंत झाली नाही. पण या रचनेची गंमत अशी, की मधल्या चाकाच्या आकारानं वेगात काही फरक पडत नाही. हिशेब फक्त पुली आणि थाळी यांच्यातला. चाकानं घसरू नये, एवढीच अपेक्षा.

वेग तपासायला रेषा आखलेली एक गोल चकती थाळीवर ठेवतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ३३⅓ च्या वेगाला चकतीवर १८० रेषा हव्यात. वेग बरोबर असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. थाळी मंद असेल तर मागं सरकतात, जलद असेल तर पुढं. अडचण एवढीच, की बहुतेक एलईडी दिव्यांखाली त्या धड दिसत नाहीत. चोकवाली जुनी ट्यूबलाइट आमच्या घरात एकच उरली होती, जिन्यात. तेव्हा डेक जिन्यात नेलं. येणाराजाणारा पायरीवरून ओलांडून जात होता आणि मी वाकून रेषा उभ्या राहायची वाट बघत होतो. राहिल्या. हललंही नाही काही.

मग नागपूरच्याच महाल भागातून आत्या आली. या रेडिओग्रामवर तिचं सगळं तरुणपण गेलं. तिच्यासाठी वसंतराव देशपांड्यांची एक लाँगप्ले लावली. वसंतराव नागपुरात वाढलेले, इथं त्यांच्या नावाचं सभागृह आहे. आत्यासाठी तर ते जवळजवळ घरचेच. तिनं डोळे मिटले, थोडं ऐकलं, मग डोळे उघडून माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"बाप्पा! हा त्यांचा आवाज नव्हे."

"त्यांचाच आहे. रेकॉर्ड तीच आहे तुझी."

"रेकॉर्ड तीच असेल. आवाज पातळ झालाय. घाईत गातायत."

मी आधी हसलो. नंतर जुनं चाक परत बसवून चकती लावली, तेव्हा रेषा मागं मागं पळायला लागल्या. मोजून पाहिलं तर तीन टक्क्यांच्या आसपास मंद. तीन टक्के म्हणजे पेटीवर जवळपास अर्धी पट्टी, लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्मं. तीन मिनिटांच्या गाण्याला पाच सेकंद जास्त. घट्ट झालेलं ग्रीस आणि घसरणारं रबर यांनी मिळून तिचे वसंतराव अर्धी पट्टी खाली उतरवले होते, आणि तिनं ते तसेच कान भरून ऐकले होते. तेव्हाच्या तिला पट्टी वगैरे काही कळत नव्हतं, असं तीच सांगते. पण कानात बसलं ते बसलं.

आता यात बरोबर कोण? चकती माझ्या बाजूनं आहे. पण चकतीवर फार विसंबावं असंही नाही. मराठी घरांतून अजून निघतात त्या जुन्या जड तबकड्या, लाखेच्या, ज्यांच्यासाठी लागणारी लाख आपल्याकडच्या पळसा-कुसुमाच्या झाडांवरची असायची, त्यांच्यावर ७८ लिहिलेलं असलं तरी सगळ्या ७८ नं भरलेल्या नसत. वेग पक्का ठरेपर्यंत बराच काळ गेला. त्याआधी कोणी ७४ नं, कोणी ८० नं मूळ ध्वनिमुद्रणाचं मेण कापलं. ७४ नं भरलेली तबकडी ७८ नं लावली तर गाणारी जवळपास एक पूर्ण पट्टी वर चढते. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर उभी राहिली. गाणं संपताना इंग्रजीत आपलं नाव ओरडून सांगायची तिची रीत, कारण तबकड्या छापायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्यांना आवाज कोणाचा ते कसं कळणार? नाव सांगितलं तिनं. पट्टी कोणती लावली होती तेही सांगितलं असतं, तर पुढच्या पिढ्यांची बरीच डोकेफोड वाचली असती.

दुरुस्तीतला माझा हट्ट एवढाच, की यंत्र आहे तसं चालावं. आतल्या बाजूनं ब्लूटूथ बसवून, व्हिनिअरवर चकचकीत लॅकर मारून, 'व्हिंटेज' म्हणून दिवाणखान्यात ठेवायचे प्रकार मला बघवत नाहीत. आजोबांनी तुटलेल्या बटणाऐवजी लावलेलं पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण मी तसंच ठेवलं आहे. तेव्हा आत्या म्हणाली, "बटण ठेवलंस ना तसंच? मग चाक काऊन बदललं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून चहा टाकायला उठलो.

ही सगळी हकिगत वाइंडिंगवाल्याला सांगितली. त्याला त्यात काहीच तिढा दिसला नाही. "पुली काढून आणा ना जी. लेथवर केसभर घासून देतो, बाई म्हणतात तसं गाईल." हिशेब अचूक आहे त्याचा. पुली तीन टक्के बारीक केली की थाळीही बरोबर तेवढीच मंद फिरेल, आणि नवं रबर असल्यामुळे ते मंदपण पक्कं, न डळमळणारं असेल. पितळ एकदा घासलं की पुन्हा चढत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, दुसरी बनवून देतो, आत्याबाईंची वेगळी.

ती पुली आता करायला टाकली आहे. दिवाळीच्या आधी देतो म्हणालाय. कूलरचा सीझन नाही, तेव्हा देईल. आत्यानं मात्र आधीच अट घातली आहे, की बदलताना तिच्यासमोर बदलायची, नाहीतर मी तिला फसवीन.