पुसला गेलेला पाऊस

फोंड्यात माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हा मागच्या खोलीत डार्करूम होती. तेवीस वर्षं मी तिथं लाल दिव्याखाली प्रिंट काढल्या. त्यामुळे कृष्णधवल चित्रात काळा कुठं संपतो आणि करडा कुठं सुरू होतो, तिकडे माझी नजर आपसूक जाते. अकिरा कुरोसावाचा १९५४ सालचा ‘सेव्हन समुराई’ हा जपानी चित्रपट, लुटारूंपासून गाव वाचवणाऱ्या सात योद्ध्यांचा, मी चार वेगवेगळ्या प्रतींवर पाहिला. दर वेळी तो निराळा दिसला.

पहिल्यांदा म्हापशाहून भाड्यानं आणलेल्या कॅसेटवर. सबटायटल्स पांढरी, मागचं आभाळही पांढरं. कित्येक ओळी वाचताच यायच्या नाहीत. तरी तोशिरो मिफुने या नटानं रंगवलेल्या किकुचियोनं, त्या सातांतल्या एकानं, मला जागेवरून उठू दिलं नाही. पुढं तीच कॅसेट विकत घेतली, आणि दोन पावसाळ्यांत फितीला बुरशी लागली.

मग डीव्हीडी. २०७ मिनिटांचा चित्रपट एकाच डिस्कवर बसवलेला. डीव्हीडीत जागा वाचवायला एका फ्रेममधून दुसरीत जे बदलत नाही ते पुन्हा साठवत नाहीत. गावकरी बसून बोलतायत, तोवर हे खपून जातं. पण शेवटची लढाई मुसळधार पावसात आहे. घोडे, चिखल, भाले, आणि दर फ्रेममध्ये प्रत्येक थेंब नव्या जागी. माझ्या डिस्कवर त्या थेंबांचं चौकोनी ठिपक्यांचं करडं धुकं झालं होतं. ही लढाई कुरोसावानं एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून, टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या, लेन्सनं टिपली. अशा लेन्सनं मागचा घोडा पुढच्या माणसाला येऊन चिकटतो. दोघांना वेगळं ओळखायचं तर करड्याच्या छटा लागतात, आणि नेमक्या त्याच गेल्या होत्या.

ब्लू-रे पाहिली मेहुण्याकडे, मडगावला. “बघा भावोजी, एकदम स्वच्छ!” तो म्हणाला. टीव्हीचं नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले बारीक कण पुसणारं सेटिंग, पूर्ण चढवलेलं, आणि जवळजवळ चौकोनी असलेलं चित्र ताणून रुंद केलेलं. मला फार वाईट वाटलं. ताकाशी शिमुरानं रंगवलेला कांबेई, सातांचा म्होरक्या, सुरुवातीला एका मुलाला सोडवण्यासाठी भिक्षूचं सोंग घेतो, डोकं भादरतो, आणि मग चित्रपटभर त्या टाळूवरून हात फिरवत राहतो. त्या टाळूवरचे खुंटच गायब! मेणाचं डोकं. ग्रेन, म्हणजे फिल्मचे ते बारीक कण, ही धूळ नव्हे. फिल्मवरचं चित्रच त्या कणांचं बनलेलं असतं. ते पुसले की त्यांच्यासोबत कातडी जाते, कापडाचा पोत जातो, पाऊस जातो. मी सेटिंग बदलून दिलं. बाजूच्या काळ्या पट्ट्या पाहून मेहुणा आधी कुरकुरला, पण कांबेईचे खुंट दिसल्यावर गप्प झाला.

गेल्या श्रावणात भाच्यानं परदेशातून ४के डिस्क आणली. ४के डिस्कना रीजनचं कुलूप, म्हणजे ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याची अट, नसतं, म्हणून इथल्या प्लेअरवर ती लगेच लागली. तोहो कंपनीनं केलेलं हे नवं रूप २०२४ साली कान महोत्सवात दाखवलं गेलं. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आता उरलेली नाही. नंतरच्या पिढीच्या फिल्मवरून, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या प्रतीवरून, काम करावं लागलं. निगेटिव्ह हरवलेल्या लग्नाच्या फोटोची मी प्रिंटवरून प्रत काढून द्यायचो, तेव्हा सावल्या भरून काळ्या व्हायच्या. म्हणून इथं सावलीत अजून काय काय शिल्लक आहे, हे पाहून मी हरखलो. एक दृश्य सरकून दुसरं येतं तिथं चित्र जरा मऊ होतं. ते तुकडे लॅबमध्ये दुसऱ्या फिल्मवर पुन्हा छापलेले असतात. तो मऊपणा तसाच राहिलेला मला आवडला. योद्ध्यांच्या निशाणावरची सहा समुराईंची सहा वर्तुळं आणि किकुचियोचा एकटा त्रिकोण, त्यांची शाईसुद्धा दिसते.

आणि पाऊस! त्याच्या रेघा काळ्या झाडांपुढं उजळ, आभाळापुढं गडद. बाहेर आमच्या पत्र्यावरही तोच चालला होता, त्यामुळे मोनो आवाज मोठा करावा लागला.

शेवटाला वीज गेली. पाऊण तासानं आली तेव्हा आई झोपमोड होऊन बाहेर येऊन बसली होती. पडद्यावर भातलावणी चाललेली, ढोल, गाणं, शेतातल्या पाण्यात पांढरं आभाळ, आणि त्यावर रोपांची एकेक काडी सुटी दिसत होती. आईनं तरुणपणी शेतांत लावणी केलेली. ती पुढं वाकून बघत म्हणाली, “रोपं फार दाट लावतात रे हे.”