तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेल्या शब्दांची वही

"इंग्रजी शिकवता ते ठीक आहे हो, पण जे शब्द इंग्रजसुद्धा बोलत नाहीत ते वहीत कशाला उतरवून ठेवता?" हे मला स्टाफरूममध्ये विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी खुर्चीत विचारलं. तोंड आ वासलेलं, त्यामुळे उत्तर तिथे राहिलं. ते इथे देते.

इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या १५७९ सालच्या मेंढपाळी कवितांत एका गाण्यात येतं, मी 'फॉरस्वाँक' आणि 'फॉरस्वॅट' झालोय. 'स्विंक' म्हणजे राबणं, 'स्वेट' म्हणजे घाम. आधी 'फॉर' बसला की राबून पार पिट्टा पडलेला, घामाने निथळून गळालेला. मे महिन्यात उत्तरपत्रिकांचा तिसरा गठ्ठा सोडताना 'टायर्ड' मला पुरत नाही.

हा 'फॉर' म्हणजे 'साठी' नव्हे. जुन्या इंग्रजीतला हा उपसर्ग क्रियेला टोकाला नेतो, बऱ्याचदा तिचं वाटोळं होईस्तोवर. कपडा वापरून विरला की 'फॉरवोर्न'. शपथ खोटी घेतली की 'फॉरस्वोर्न'. शिणून हातपाय गळाले की 'फॉरवेअरीड'. तिघांच्या मानगुटीवर एकच भूत! आपण हे काम मागून क्रियापद जोडून करतो: विरून गेलं, मोडून टाकली, गळून पडले.

माझी आजी लुगडं मधोमध विरलं की तेवढा भाग कापून काढायची आणि दोन्ही धड तुकडे जोडून दंड घालायची. ते 'फॉरवोर्न' लुगडं पुढे बरीच वर्षं चालायचं. आणि गंमत बघा, 'वेअर'चं मूळ आपल्या 'वस्त्र'च्याच कुळातलं, आणि 'नेसणं'सुद्धा त्याच घरातलं. म्हणजे आजी जे नेसायची आणि इंग्रज जे 'वेअर' करतात ते मुळात सख्खं. 'वेअरी' मात्र 'वेअर'ची कुणीच नाही. नुसतं आवाजाचं साम्य. मी कित्येक वर्षं वर्गात उलट सांगत आले, विद्यार्थ्यांनी माफ करावं.

आता 'स्वेअर'. शपथ आणि शिवी दोन्हीला हा एकच शब्द, कारण तिकडे शिव्या बऱ्याचशा देवाच्या शपथाच होत्या. 'झाउंड्स' म्हणजे 'देवाच्या जखमांची आण', 'स्ब्लड' म्हणजे 'देवाच्या रक्ताची'. देवाचं नाव उघड घ्यायला नको म्हणून ते चावून गिळलेलं. १६०६ साली रंगमंचावर देवाचं नाव असं थिल्लरपणे घेतल्यास दहा पौंड दंड, असा कायदाच झाला. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाची १६२२ची छापील प्रत आणि १६२३ची शेजारी ठेवा: पहिलीतल्या कितीतरी शपथा दुसरीत गायब. आपण 'च्यायला'मध्ये आईला असंच अर्धं गिळलंय आणि सभ्य माणसंही ते बिनधास्त म्हणतात. दहा पौंड कुणी मागत नाही.

गुरुवारी डॉक्टरांकडे परत जायचंय. या वेळी सुई टोचली की 'झाउंड्स' म्हणून बघणार आहे. निघणार 'आई गं'च, ते मला माहीत आहे.