आजींनी लपवलेली आकडी

मी परळच्या एका हॉस्पिटलमध्ये जेनेटिक काउन्सेलर आहे, म्हणजे ज्या मुलांची फिट्ससाठी जीन टेस्ट होते त्यांच्या घरच्यांना रिपोर्ट समजावून सांगायचं काम माझं. गेल्या जुलैतला एक दिवस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

धो धो पाऊस, हिंदमाताला पाणी, ओपीडी अर्धी रिकामी, तरी लालबागचं ते कुटुंब वेळेवर आलं. आई, बाबा, आजी आणि साडेचार वर्षांचा मुलगा. त्याला दहाव्या महिन्यापासून ताप चढला की फिट, आणि हल्ली तर तापाशिवायही. आईच्या पर्समध्ये थर्मामीटर आणि फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे कायम, रात्री दर दोन तासांनी उठून ती त्याच्या कपाळाला हात लावते.

पहिल्या व्हिजिटला फॅमिली हिस्टरी मी तीनदा विचारली होती. आजी म्हणाल्या होत्या, आमच्याकडे कुणाला काही नाही, हिच्या माहेरी बघा.

आमच्या डॉक्टर सरांना वाटत होतं एससीएन वन ए नावाच्या जीनमध्ये बदल निघेल, कारण अशा फिट्समध्ये तोच जास्त सापडतो, पण बदल निघाला जीएबीआरजी टू या जीनमध्ये. आणि तोच बदल बाबांच्या सॅम्पलमध्येही.

मी कागदावर पाच पाकळ्या काढल्या. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं, ते ज्या दरवाजावर काम करतं तो अशा पाच तुकड्यांचा, बहुतेक वेळा दोन अल्फा, दोन बीटा, एक गॅमा. गाबा चिकटला की दरवाजा उघडतो, क्लोराइड आत जातं, पेशी गप्प बसते. हा जीन पाचव्या क्रोमोसोमवर असतो आणि गॅमाचा तुकडा बनवतो, तोच बिघडला तर शांत करणं कमी पडतं. या जीनमधल्या काही बदलांत तर लॅबमध्ये असंही दिसलंय की तापमान वाढलं की हे दरवाजे पेशीच्या पृष्ठभागावर कमी पोचतात. आणि मिडाझोलाम बसतं ते नेमकं अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात.

आईने लगेच विचारलं, "मॅडम, मग तोच तुकडा खराब असेल तर स्प्रे चालेल का?"

एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, जीनच्या दोन कॉपी असतात, तुमच्याकडून आलेली चांगली आहे, तिच्यावरून चांगले तुकडे बनतातच, आणि स्प्रे मारला त्या दोन्ही वेळा त्याची फिट थांबलीये, सरांनी चालूच ठेवायला सांगितलंय. "माझ्याकडची चांगली?" ती म्हणाली आणि थर्मामीटरचं झाकण उघडत बंद करत बसली.

बाबा म्हणाले, पण मला तर कधीच काही झालं नाही.

तेव्हा आजी बोलल्या, खाली बघतच. "झालं होतं रे. आकडी यायची तुला तापात, सात वर्षांचा होईस्तोवर. कांदा हुंगवायचो. लग्नात सांगितलं असतं तर मुलगी कुणी दिली असती?"

खूप वेळ कुणीच बोललं नाही. मग आई म्हणाली, "आई, चार वर्षं मी देवाला विचारतेय माझं काय चुकलं." आवाज चढला नाही तिचा. मला मात्र घशाशी आलं. मी एवढंच सांगू शकले की यात चूक कुणाचीच नाही, एकाच घरात एकाला लहानपणी तापातच फिट येऊन कायमची थांबते आणि दुसऱ्याला जास्त त्रास होतो असं या जीनमध्ये होतं, आणि पुढच्या प्रत्येक मुलात हा बदल जायचा चान्स पन्नास टक्के, बाबांच्या बहीणभावंडांतही असू शकतो.

बहिणीचं ऐकल्यावर आजींनी मान वर केली. चिपळूणला दिलेली मुलगी, तिचा मुलगा दीड वर्षाचा, गेल्या महिन्यात तापात थरथरला होता म्हणे, तेही लपवलेलंच.

मी निघताना कॉरिडॉरमध्ये आजी खिडकीशी उभ्या होत्या, फोन कानाला, पावसाच्या आवाजात मोठ्याने सांगत होत्या, "कांदाबिंदा काही नको, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळव आणि घड्याळ बघ, पाच मिनिटांच्या वर गेलं तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. आणि ऐक, तुझ्या दादालाही यायची, डॉक्टरांना तसं सांग."