शापित पुस्तक आणि ओली शाई

काल रात्री परत एक शापित पुस्तकवाली टीनएज मिस्ट्री संपवली, तीन वाजले, आणि मग पाणी प्यायला उठायची पण हिंमत होईना. त्यात ती मुलगी पान उलटते आणि तिथे तिचंच नाव, शाई अजून ओली... बापरे! पण शेवटी शापाचा नियमच बदलून टाकला राव, तिथे माझं डोकं फिरलं.

गंमत म्हणजे असे शाप खरंच असायचे, मध्ययुगात युरोपात पुस्तकं हाताने उतरवून काढणारे लोक चोरांसाठी आत शिव्याशाप लिहून ठेवायचे. आणि १९व्या शतकातल्या काही हिरव्या कापडी कव्हरांच्या रंगात तर चक्क आर्सेनिक सापडलंय, म्हणून ती ग्लोव्हज घालूनच हाताळतात. ह्यावर लिहा ना कोणीतरी, भूत नसलं तरी चालेल.